निघायचंय तर ओटीपीसकट निघ

या वेळचं पत्र पुण्याहून आलंय. लांब होतं, थोडं कापून देतेय.

"ताई, मी आणि माझा मित्र मिळून एक छोटी इंडी (मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवायची) गेम कंपनी चालवतो. हॉस्टेलला रूममेट होतो, २०१६ ला कंपनी रजिस्टर केली, दोघांचे निम्मे निम्मे शेअर्स. तो कोड बघतो, मी आर्ट आणि डिझाइन. कर्वेनगरला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर ऑफिस आहे, आमच्यासकट नऊ जण. पहिली गेम स्टीमवर (कॉम्प्युटर गेम विकणारं ऑनलाइन दुकान) बरी चालली, अजून सेलमधे थोडे पैसे येतात. दुसरी गेली चौदा महिने अर्ली ॲक्सेसमधे, म्हणजे अपुरी असतानाच विकायला, आहे आणि खरं सांगू का, मला ती उघडावीशी पण वाटत नाही. माझे वडील भोसरीला टर्नर होते. आयटीआयच्या मुलांना सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) मशीन हाताळायला मिळतच नाही, एका मशीनभोवती वीस पोरं उभी असतात, तर त्यांच्यासाठी सिम्युलेटर करायचं डोक्यात आहे. गेल्या वर्षभरात रात्री बसून प्रोटोटाइप केलाय, आमच्या गेममधला फिजिक्सचा कोड वापरून, आणि आमच्याच एका प्रोग्रामरने मदत केली. तो म्हणतो दादा तू निघालास तर मी पण येतो. मित्राला यातलं काहीच माहीत नाही. त्याला मागच्या वर्षी मुलगी झाली, ऑफिसच्या ओव्हरड्राफ्टला आम्हा दोघांची पर्सनल गॅरंटी आहे, वीस लाख. मी विचार करतोय की एकदम सोडण्याऐवजी क्रिएटिव्ह सल्लागार म्हणून राहावं, आठवड्यातून एक दिवस जावं, डायरेक्टर पण राहावं, शेअर्स तसेच ठेवावेत, म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही. बाबा म्हणतात चालती कंपनी सोडून जातोस, वेडा आहेस. पळपुटेपणा होईल का हा? — एक फाउंडर"

अरे बाबा,

पळपुटेपणाचं आधी मिटवून टाकते कारण त्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. दहा वर्षं होत आली तुम्हाला, माणसाला एवढ्या काळात दुसरं काहीतरी करावंसं वाटणं यात गुन्हा नाही, आणि वडिलांच्या मशीनशी जोडलेलं काहीतरी करावंसं वाटणं हे तर मला फारच आवडलं. जा. परवानगी हवी होती ना, घे, दिली.

पण तू खरं ते विचारलंच नाहीयेस. तू विचारतोयस जाऊ का, आणि पत्राच्या शेवटी हळूच ठेवून दिलंयस की न जाता कसं जाऊ. सल्लागार, एक दिवस, डायरेक्टरशिप, सगळे शेअर्स. हे मित्राला वाईट वाटू नये म्हणून आहे असं तू म्हणतोस, मला तसं वाटत नाही. मित्राला समोर बसवून सांगायचा एक अवघड तास तुला टाळायचाय म्हणून तू त्याला पुढची पाच वर्षं अवघड द्यायला निघालायस. गावाकडे भावाभावांची वाटणी होते तेव्हा बघ, शेत वाटतात, घर वाटतात, आणि प्रेमापोटी विहीर सामाईक ठेवतात, आणि मग पंचवीस वर्षं भांडण होतं ते त्या विहिरीवरून होतं, शेतावरून नाही.

तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण देते, तुला माहीत असेलच पण या अंगाने बघितलं नसशील. माइनक्राफ्ट ही गेम. ती बनवणाऱ्या मार्कुस पेर्सनने नोव्हेंबर २०११ मधे गेम पूर्ण म्हणून रिलीज केली आणि पुढच्याच महिन्यात तिची सूत्रं येन्स बर्गेनस्टेनकडे दिली. इथपर्यंत उत्तम, इतकं स्वच्छ हस्तांतर मोठ्या कंपन्यांत पण होत नाही. पण तो गेममधून निघाला, कंपनीतून नाही. मोयांग या त्या कंपनीचा मोठा मालक तोच, चेहरा तोच. मग २०१४ च्या जूनमधे सर्व्हर चालवणाऱ्यांनी खेळाडूंकडून कशाचे पैसे घ्यावेत आणि कशाचे नाही यावरून लायसन्सच्या नियमांचा गदारोळ झाला, आणि लोकांनी शिव्या कुणाला घातल्या, तर ज्याने अडीच वर्षांपूर्वी गेम दुसऱ्याच्या हातात दिली होती त्याला. बिचाऱ्याने वैतागून ट्विटरवर विचारलं की माझा हिस्सा कुणी विकत घेता का, मला माझ्या आयुष्यात पुढे जायचंय. सप्टेंबरमधे मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर्सना कंपनी घेतली आणि तिन्ही संस्थापक बाहेर पडले. जाताना त्याने लिहिलं त्याचा आशय असा की हे पैशासाठी नाही, माझं डोकं ठिकाणावर राहावं म्हणून आहे. आता तुला कुणी अडीच अब्ज देणार नाहीये (मला पण नाही), पण मधली अडीच वर्षं जशीच्या तशी तुझ्या वाट्याला येणार. काम तुझं नाही, निर्णय तुझा नाही, आणि डिस्कॉर्डवर, म्हणजे खेळाडूंच्या त्या गप्पांच्या ॲपवर, कुणी भडकला की टॅग मात्र तुला.

आणि मित्राच्या बाजूने बघ जरा. तो आता एकटा चालवतोय, त्याला दुसऱ्या गेममधलं तुझं एखादं कॅरेक्टर काढून टाकायचंय, आणि गुरुवारी तू येणार. तो तुला विचारणार, तू "तुझं तू बघ रे" म्हणणार पण चेहरा पाडणार. टीमला काय कळायचं ते कळतं. सहा महिन्यांत मुलं दोन पाट्यांखाली काम करायला लागतील, दादाला काय आवडतं आणि सरांनी काय सांगितलंय. मी हे बघितलंय. मी केलंय, खरं तर.

सांगतेच. २००३ साली मी आणि एक मैत्रीण दादरला शाळांसाठी सीडी बनवायचो, विज्ञानाचे प्रयोग, नकाशे, असलं. मला कंटाळा आला, तिला नाही. मी निघाले ते चहा पिऊन, मिठी मारून, कागद शून्य. लागेल तेव्हा येते म्हणाले, आणि पहिलं वर्ष खरंच जायचे. ऑफिसचा टेलिफोन माझ्या नावावर, चालू खात्यावर सही माझी, कारण रजिस्ट्रेशनच्या धावपळीत मी मोकळी होते म्हणून सगळ्यावर माझं नाव. अडीच वर्षांनी थकलेल्या बिलासाठी माझ्या घरी माणूस आला, रक्कम किती, तर चार हजार सातशे की काहीतरी. मी चिडून तिला फोन केला, ती म्हणाली तूच सोडून गेलीस तेव्हा का नाही बदललंस, मी म्हणाले तू मालक आहेस ना, आणि त्या फोननंतर आम्ही तेरा वर्षं बोललो नाही. चार हजार सातशे रुपयांसाठी! भांडण अर्थात बिलाचं नव्हतं.

तर आता तुझी कंपनी. माझ्या मते मालकी शेअर सर्टिफिकेटवर असते ती कोर्टापुरती, रोजची मालकी ज्याच्या मोबाईलवर ओटीपी येतात त्याची. एकदा शांतपणे बसून बघ, काय काय तुझ्या फोनवर येतं. स्टीमवर्क्सचा, म्हणजे स्टीमवर गेम विकणाऱ्यांच्या पोर्टलचा, ॲडमिन तू आहेस का, लॉगिनचा स्टीम गार्डचा कोड कुणाकडे. ॲपलच्या डेव्हलपर अकाउंटचा अकाउंट होल्डर एकच माणूस असतो, तो तू असशील तर ते रीतसर ट्रान्सफर करावं लागतं, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊन भागत नाही. गूगल प्लेवर जुनी एखादी गेम टाकली असाल तर तिच्यावर डिजिटल सही करायची कीस्टोअर फाइल कुठल्या लॅपटॉपवर आहे, कोड ठेवता त्या गिटहबवर ओनर कोण, डिस्कॉर्ड सर्व्हर कुणाच्या वैयक्तिक अकाउंटवर आहे, वेबसाइटचं डोमेन कुणाच्या क्रेडिट कार्डावर, जीएसटी पोर्टलला मोबाईल नंबर कुणाचा. पैजेवर सांगते, निम्म्यापेक्षा जास्त तू निघशील, कारण आर्टवाला माणूस सुरुवातीला मोकळा असतो आणि कोडवाला कोड लिहीत असतो. हे सगळं कंपनीच्या मेल आयडीवर आण. ही यादी तू स्वतःहून मित्रापुढे ठेवलीस ना, तर तू जातोयस हे त्याला जितकं टोचेल तितकंच तू नीट जातोयस हेही कळेल.

आता कागद. मी वकील नाही, तरी काही गोष्टी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकल्यात की तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, पक्कं करायला सीए आणि वकील गाठच.

राजीनामा लेखी द्यायचा, कंपनीला मिळाल्याच्या तारखेपासून किंवा तू पत्रात लिहिलेल्या तारखेपासून, जी नंतरची असेल तेव्हापासून तो लागू होतो. कंपनीने तीस दिवसांत डायरेक्टर बदलल्याचा डीआयआर-१२ फॉर्म भरायचा असतो. तो भरला गेला का ते तू एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर स्वतः बघायचं, मित्र म्हणाला "सीए करतोय" तरी बघायचं. आणि प्रायव्हेट लिमिटेडला कमीत कमी दोन डायरेक्टर आणि दोन शेअरहोल्डर लागतात, म्हणजे तू गेलास की तुझ्या जागी कुणीतरी हवं. इथे आपल्याकडे पटकन होणारी गोष्ट म्हणजे बायकोला डायरेक्टर करून टाकतात. तिला आठ महिन्यांचं बाळ, तिची सही कुठे कुठे लागतेय हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, आणि उद्या काही झालं की नोटीस तिच्या नावाने. त्यापेक्षा तुमच्याकडे कुणी पाच-सहा वर्षं टिकलेलं असेल, जिला किंवा ज्याला कंपनी आपली वाटते, त्याला तुझ्या शेअर्सपैकी थोडे आणि खुर्ची दोन्ही मिळाले तर किती बरं. हे सुचवायचा हक्क तुला आहे, ठरवायचा मित्राला.

राजीनामा दिला म्हणजे मागचं सुटलं असं पण नाही. तू डायरेक्टर असतानाच्या काळात काही राहिलं असेल, टीडीएस कापून भरला नसेल, पीएफ थकला असेल, तर त्या काळाची जबाबदारी तुझ्यावर राहते. निघायच्या आधी सगळं भरलेलं बघून निघ. आणि ती वीस लाखांची गॅरंटी! ती बँकेने लेखी सोडल्याशिवाय सुटत नाही. डायरेक्टरशिप गेली, शेअर्स गेले, सिम्युलेटर जोरात चाललाय, आणि इकडे ओव्हरड्राफ्ट थकला तर बँक तुझ्या दारात, आणि बँकेचं तसं चूक पण नाही. बँक बदली गॅरंटी मागेल किंवा लिमिट कमी करेल. म्हणून हे पहिल्या महिन्यात हातात घ्यायचं, सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो, ब्रँच मॅनेजर बदलतात आणि फाइल परत पहिल्यापासून.

पण या सगळ्यापेक्षा माझं लक्ष दोन गोष्टींनी वेधलं आणि दोन्ही तू पत्रात जाता जाता लिहिल्यायस.

पहिली, तुझा प्रोटोटाइप. गेमचा फिजिक्स कोड वापरला, कंपनीचा प्रोग्रामर वापरला. रात्री बसून केलं हे खरं असेल पण रात्र तुझी असली तरी कोड कंपनीचा आहे, आणि नोकरीत असलेल्या माणसाने कामाचा भाग म्हणून केलेल्या गोष्टीचा कॉपीराइट आपल्या कायद्यात सहसा मालकाचा होतो, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. तो प्रोग्रामर उद्या कुठल्या टोपीखाली काम करत होता यावर दोन वकील दोन वर्षं भांडू शकतात. तू कितीही चांगला असलास तरी हे मित्राला तिसऱ्याकडून कळलं तर त्याला एकच शब्द सुचेल, आणि तो शब्द पळपुटा नाहीये, त्याहून वाईट आहे. म्हणून तूच सांगायचं, पहिल्याच बैठकीत, लॅपटॉप उघडून दाखवायचं. मग तीन वाटा आहेत, तो कोड फेकून नव्याने लिहायचा, किंवा कंपनीकडून रीतसर लायसन्स घ्यायचं आणि त्याचे पैसे द्यायचे, किंवा, ऐक जरा, हा सिम्युलेटर कंपनीतच करायचा का हे मित्राला एकदा विचारायचं.

दचकू नकोस. स्टुअर्ट बटरफिल्डचं माहीत आहे ना तुला. त्यांची टायनी स्पेक कंपनी ग्लिच नावाची ऑनलाइन गेम करत होती, सप्टेंबर २०११ ला सुरू झाली, डिसेंबर २०१२ ला बंद केली कारण ती चालणार नाही हे त्यांना दिसलं होतं. बऱ्याच लोकांना काढावं लागलं. पण टीमने आपसात बोलायला जे साधन बनवलं होतं त्यावर मोजकी माणसं राहिली, आणि २०१४ मधे ते स्लॅक म्हणून बाजारात आलं. कंपनी तीच! म्हणजे कोड कुणाचा हा प्रश्नच आला नाही, कारण तो कोड घेऊन कुणी बाहेर गेलंच नव्हतं. त्या गोष्टीतला लोकांना स्लॅक आठवतो, मला आठवतं ते बंद करण्याची पद्धत, खेळाडूंना पैसे परत द्यायची सोय केली, ज्यांची नोकरी गेली त्यांच्या नावांचं पान वेबसाइटवर लावलं की यांना कुणीतरी घ्या, आणि वर्षभराने गेमचं चित्रकाम सगळ्यांना मोफत वापरायला खुलं करून टाकलं. तुझ्यासारख्या आर्टवाल्याला यातलं शेवटचं काय असतं ते मी सांगायला नको.

मला वाटतं तुझा मित्र नाही म्हणेल. त्याला गेम करायच्यात, आयटीआयच्या प्रिन्सिपॉलसमोर प्रेझेंटेशन द्यायचं नाहीये, टेंडर भरायचं नाहीये. पण विचारलं असणं आणि न विचारणं यात फार फरक पडतो. नाही म्हणाला की तू मोकळा, आणि तोही.

दुसरी गोष्ट नेमकी उलटी आहे. हॉस्टेलला रूममेट होतात आणि कंपनी २०१६ ची, म्हणजे पहिल्या गेमचा हिरो तू कंपनीच्या आधी रेखाटलेला असण्याची दाट शक्यता आहे, कुठल्यातरी जर्नलच्या मागच्या पानावर. तसं असेल तर तेव्हा तू कुणाचा नोकर नव्हतास, कंपनी जन्मालाच आली नव्हती, आणि नंतर लिहून दिलं नसशील तर ते चित्र अजून तुझंच आहे. मित्राच्या हे लक्षात पण नसेल. उद्या एखादा पब्लिशर किंवा गुंतवणूकदार आला की त्याचा वकील पहिलं हेच विचारणार आणि मित्राला तुझ्यामागे धावावं लागणार. म्हणून जायच्या आधी तूच लिहून दे. आणि लिहून देताना एक फार बारीक खाच आहे आपल्या कॉपीराइट कायद्यात, मुदत लिहिली नाही तर ते हस्तांतर पाचच वर्षांचं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. स्टीमवर जगभर विकायच्या गेमला भारतापुरता हिरो काय कामाचा! तर जगभरासाठी आणि कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी असं शब्दांत लिहायचं. बदल्यात क्रेडिट्समधे नाव कसं यावं हे तुझ्या बाजूने लिहून घे, पहिल्या गेममधे आणि दुसऱ्या गेममधेही. हे मागायला लाजू नकोस, मुलं निघून गेली की क्रेडिट्समधून नाव गळतं हे तुमच्या धंद्यातलं जुनं रडगाणं आहे.

शेअर्सचं. निम्मे तसेच ठेवून जाणं मला अजिबात पसंत नाही. जो माणूस ऑफिसात नाही त्याच्याकडे निम्मी कंपनी, अशा ठिकाणी बाहेरचा पैसा येत नाही, आणि मित्र रात्री दोनला बग सोडवताना त्याला आठवणार की यातला प्रत्येक दुसरा रुपया तुझा आहे. सगळे फुकट सोडून देणंही मला नाटकी वाटतं, दहा वर्षं घातलीयस तू. थोडे ठेव, दहा-पंधरा टक्के म्हण, बाकीचे मित्राला आणि त्या जुन्या माणसाला. मित्राकडे रोख नसणार, मग पहिल्या गेमच्या सेलमधून जे येतं त्यातून ठरलेल्या हप्त्यांनी दोन-तीन वर्षांत द्यायचं, पण आकडा आणि तारखा लिहून. किंमत तुमच्या दोघांच्या मनाने लावू नका, शेअर्स फार कमी भावात दिले तर घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही टॅक्सची भानगड होते, व्हॅल्युएशन करून घ्या.

त्याच्या वकिलाने करारात लिहिलं की तीन वर्षं तू या क्षेत्रात काही करायचं नाही, तर घाबरू नकोस आणि गृहीतही धरू नकोस. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ अशा बंधनांना साधारणपणे मानत नाही, पण धंद्याचं गुडविल (नावलौकिक) विकलं असेल तर वाजवी बंधन चालतं, आणि तू तर हिस्सा विकतोयस. वाचून सही कर. शिवाय तू सीएनसीचं करणार, त्यात त्याच्याशी स्पर्धा कुठे, हेच साधं वाक्य करारात घालून घ्या ना.

तो प्रोग्रामर. नाही. आत्ता नाही. मला माहीत आहे तो चांगला आहे, मला माहीत आहे तुला एकट्याला जमणार नाही, तरी नाही. नऊ जणांतून दोन जण गेले, त्यातला एक तू, तर मित्राकडे उरतं काय, अर्ली ॲक्सेसमधली अर्धी गेम आणि वीस लाखांचा ओव्हरड्राफ्ट. त्या प्रोग्रामरला सांग की दुसरी गेम पूर्ण होईपर्यंत मी तुला बोलावणार नाही आणि तू आलास तरी मी घेणार नाही. त्यानंतर तो आपणहून आला, तर मित्राला आधी फोन करून मग घे.

यावरून वेळेचा प्रश्न येतो, आणि इथे तुला माझं म्हणणं आवडणार नाही. डेन्मार्कच्या प्लेडेड या गेम कंपनीतून तिचा एक संस्थापक डिनो पाट्टी बाहेर पडला तो २०१६ च्या जुलैमधे, म्हणजे त्यांची इनसाइड ही गेम बाजारात आल्यावर काही दिवसांतच, आणि पुढे त्याने जंपशिप नावाची नवी कंपनी काढली. त्या दोन संस्थापकांचं आपसात गोड होतं असं नाही, नंतर प्रकरण वकिलांच्या पत्रांपर्यंत गेलं, पण गेम पूर्ण करून निघाला होता, लोकांनी पैसे मोजले ती वस्तू लोकांच्या हातात होती. तुझी दुसरी गेम तशी नाही. काही हजार लोकांनी अर्धी गेम विकत घेतलीय, स्टीम स्वतः सांगतं की अर्ली ॲक्सेसमधे भविष्याची ठाम वचनं देऊ नका, पण तुमच्या रोडमॅपच्या, म्हणजे पुढे काय काय येणार त्याच्या, चित्रात तुम्ही दिलीच असणार, सगळे देतात. तर उघडावीशी वाटत नाही ती गेम उघड. मित्राबरोबर बसून ती लहान करा, सहा प्रकरणं ठरली असतील तर चारच, दोन भाषा कमी, ते मिळून खेळायचं को-ऑप की काय ते नाहीच, आणि पूर्ण होण्याची तारीख तीच तुझ्या राजीनाम्याची तारीख. सहा महिने, फार तर आठ. त्याच्यापलीकडे नाही, नाहीतर ते पण भिजत घोंगडं होईल. तारीख टळली तर काय हे पण आधीच ठरवा, टळली तरी तू निघणार हे माझं मत.

या सहा महिन्यांत सिम्युलेटरला हात लावायचा नाही असं नाही म्हणत मी. भोसरीला जा, एखाद्या आयटीआयमधे जाऊन मागच्या बाकावर बस, इन्स्ट्रक्टर काय शिकवतो बघ, बाबांना घेऊन जा. ते वेडा आहेस म्हणतात ते मला समजतं, मशीन चालू असताना सोडून जायचं नसतं हे त्यांच्या हातात बसलंय. पण त्यांना एकदा प्रोटोटाइपसमोर बसव. चूक काढतील. टूल जॉबवर आदळल्यावर आवाज असा येत नाही म्हणतील. तुला जे साहित्य हवंय ते तिथे आहे, आणि त्यात कंपनीची एक ओळ कोड नाही. गेममधून बाहेर पडून भलत्याच क्षेत्रात जाणारा तू काही पहिला नाहीस, मुंबईच्या विशाल गोंदलने १९९९ ला इंडियागेम्स काढली, ती डिस्नीकडे गेल्यावर बाहेर पडून २०१४ ला फिटनेसची गोकी काढली आणि त्यात गेमसारखे पॉइंट्स घातलेच. सवय जात नाही.

आता तो तास. ऑफिसात नको, बारमधे नको, आणि बाळ झोपलेलं असताना त्याच्या घरी तर अजिबात नको. दोघं जण गाडी काढून कुठेतरी जा, पानशेतच्या रस्त्याला वगैरे, शेजारी शेजारी बसून बोलणं समोरासमोर बसण्यापेक्षा सोपं जातं. पहिल्या पाच मिनिटांत सांग. "मला थोडं बोलायचं होतं, म्हणजे तसं काही नाही" अशी सुरुवात करू नकोस. मी निघायचं ठरवलंय, कधी निघायचं हे तुझ्याबरोबर ठरवायचंय, आणि एक गोष्ट तुझ्यापासून लपवली ती आधी सांगतो. मग प्रोटोटाइप. मग गप्प बस. तो ओरडला तर ओरडू दे, तो म्हणाला मला वाटतच होतं, तर त्याचं पण वाईट वाटून घेऊ नकोस. चौदा महिने माणूस स्वतःची गेम उघडत नाही हे समोरच्या टेबलवर बसणाऱ्याला दिसत नसेल असं तुला खरंच वाटतं? त्याच दिवशी शेअर्सचा आकडा काढू नका. टीमला आठवड्याभरात दोघांनी मिळून सांगा, डिस्कॉर्डवर त्यानंतर, आणि तिथे निबंध नको, चार ओळी, दोघांच्या नावाने.

सल्लागार व्हायची हौस असेलच तर एक वर्ष थांब. त्याने आपणहून फोन करून विचारलं की रे जरा हे बघ, तर जा, बघ, चहा पी, ये. मानधन नको.

माझ्या मैत्रिणीचं विचारशील म्हणून सांगते, २०१९ मधे एका लग्नात भेटलो, तिनेच बिलाचा विषय काढला आणि आम्ही दोघी पंगतीत वेड्यासारख्या हसलो. पण तेरा वर्षं गेली ती गेलीच.

आणि हो, त्या डोमेनचं रिन्यूअल कधी आहे ते आत्ता बघून ठेव.

— ताई